साल कोन घेते बाप्पा?

एक गणित मांडून सुरुवात करतो. सोपं आहे, सातवीच्या पोराला येईल.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये (आणि आता घरबसल्या फोनवरसुद्धा) 'ऑरेंज एसेन्शियल ऑइल' नावाची तपकिरी काचेची बाटली मिळते. बाटली कसली, बोटाएवढी कुपी. आत दहा मिलिलिटर तेल. माझ्या भाचीने मागवलेल्या कुपीवर किंमत होती साडेतीनशे रुपये. हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे दहा मिलीचं वजन भरतं जेमतेम साडेआठ ग्रॅम. मोठ्या कारखान्यांत टनभर संत्र्यांमागे साधारण दोन-तीन किलो तेल निघतं. म्हणजे किलोला अडीच ग्रॅम धरा. याचा अर्थ त्या कुपीत साडेतीन किलो संत्र्यांच्या साली आहेत. फक्त साली! रस कुणीतरी आधीच विकून मोकळा झालेला.

आता दुसरी बाजू. कारंजा (घाडगे) तालुक्यात माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. व्यापाऱ्याने नाकारलेली बारकी फळं, ज्यांना आमच्याकडे 'चुरी' म्हणतात, ती त्यांनी एका हंगामात चार रुपये किलोने दिली. कुपीएवढ्या तेलाला लागणाऱ्या साडेतीन किलोचे झाले चौदा रुपये. आणि जी फळं पिकायच्या आधीच गळून जमिनीवर पडली, त्यांचे शून्य. शून्यही नाही, उणेच. कारण ती वेचून खड्ड्यात पुरायला मजूर लावावे लागतात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. कुपीच्या किमतीत काच आहे, जाहिरात आहे, दुकानदार आहे, दलाल आहे. संत्र्याच्या तेलाचा ठोक भाव या किमतीच्या जवळपासही नसतो. कबूल. तरीही चौदा आणि साडेतीनशे यांच्या मधली जागा इतकी मोठी आहे, की तिथे एक अख्खा जिल्हा मावतो. माझं भांडण त्या जागेशी आहे.

आधी हे तेल म्हणजे काय ते सांगतो. (सव्वीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा एवढा छळ सहन करा.) लहानपणी तुम्ही भावंडांच्या डोळ्यांत संत्र्याची साल पिळली असेल. साल दुमडली की बारीक फवारा उडतो आणि डोळे चरचरतात. तो फवारा म्हणजेच तेल. सालीच्या केशरी थरात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा ग्रंथी असतात, त्यात ते साठलेलं असतं. मेणबत्तीच्या ज्योतीवर साल पिळली तर ठिणग्या उडतात, फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो, थर्माकोलवर तेल टाकलं तर थर्माकोल विरघळतो. हे तिन्ही प्रयोग मी वर्गात करून दाखवत असे आणि तिन्ही वेळा पोरं टाळ्या वाजवत. या तेलाचा बहुतांश भाग लिमोनिन नावाच्या एका द्रव्याचा असतो. 'संत्र्याचा' म्हणून जो नेमका वास आपण ओळखतो तो मात्र उरलेल्या थोड्याशा द्रव्यांमुळे येतो.

तेल काढायच्या रीती दोन. एक, साल दाबून किंवा खरवडून थंडपणे काढायचं. इटलीत सिसिलीकडे हे काम माणसं हाताने करत. साल समुद्रस्पंजावर दाबायची, स्पंजात तेल शोषलं जायचं, मग स्पंज पिळायचा. दुसरी रीत ऊर्ध्वपातनाची. सालीतून पाण्याची वाफ जाऊ द्यायची, ती वाफ नळीतून थंड पाण्यात नेऊन परत पाणी करायची. लिमोनिन एकटं तापवलं तर १७६ अंशांना उकळतं, पण वाफेच्या संगतीने ते शंभराच्या आतच निघून येतं. खाली पाणी साठतं, वर तेल तरंगतं. दाबून काढलेल्या तेलाचा वास जास्त ताजा असतो, अत्तरवाले तेच मागतात. वाफेच्या तेलाला तो नखरा नाही. पण फरशी पुसायला, साबणात घालायला, ग्रीस काढायला, किडे मारायला ते उत्तम. अमेरिकेत लिमोनिनची कीटकनाशक म्हणून नोंदणी १९५८ सालीच झाली आहे.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण यात कुठेही रॉकेट उडवायचं नाही. एक पिंप, आत छिद्रांची जाळी, खाली पाणी, वर घट्ट झाकण, एक नळी, एक थंड पाण्याची टाकी. संपलं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. वर्धा म्हटलं की लोकांना सेवाग्राम आठवतं, फार तर कापूस. पण जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेला कारंजा, आर्वी, आष्टी हे तालुके संत्र्याचे. पलीकडे वरुड-मोर्शी, इकडे काटोल. संत्र्याच्या पट्ट्याचं आमचं टोक हे. फळ तेच, ज्याला 'नागपुरी संत्रा' म्हणून २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. झाडाला बहार दोन. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे काढायला येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाडाला पाण्याचा ताण देऊन बहार आणायचा, मग फळ टिकवायचं, आणि टिकवता टिकवता माणूस टेकीला यायचा. डिंक्या आहे, कोळशी आहे, ऐन पावसाळ्याच्या शेवटी रात्री येऊन फळाला सोंड खुपसणारा पतंग आहे. आंबियाची फळगळ सुरू झाली की सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. हिरवीपिवळी, अर्धवट, चांगली लिंबापेक्षा मोठी फळं.

या सड्याचं काय करायचं? सल्ला ठरलेला आहे. गळलेली फळं वेचा, बागेबाहेर न्या आणि नष्ट करा, नाहीतर बुरशी आणि कीड वाढेल. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. पण त्यातल्या 'नष्ट करा' या दोन शब्दांवर माझं मन अडतं. गळलेल्या फळाचा गर वाया गेला असेल, साल बहुतेक वेळा शाबूत असते. हिरव्या सालीतही तेल असतंच. आपण तेल पुरतो आहोत आणि पुरण्याची मजुरीही देतो आहोत.

मी हे मामांना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "असन तेल. पन साल कोन घेते बाप्पा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे असायला हवं त्यांच्याकडेही ते नाही, म्हणून हा लेख.

उत्तर नसण्याची कारणं मला वेळोवेळी वेगवेगळ्या शहाण्या लोकांनी समजावून सांगितली आहेत. ती एकेक करून घेतो.

पहिलं कारण: नागपुरी संत्रा प्रक्रियेला योग्य नाही. यात तथ्य आहे. ब्राझील, फ्लोरिडामध्ये रसाचे कारखाने चालतात ते घट्ट सालीच्या मोसंबीच्या जातभाईंवर. आपल्या संत्र्यात बिया फार, आणि रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. म्हणून आपलं संत्रं हे सोलून खायचं फळ, रसासाठी दुय्यम. ठीक. पण कडवट होतो तो रस! तेलाला कडूगोडाशी काय देणंघेणं? रसाच्या कारखान्यासाठी अपात्र ठरलेलं फळ तेलासाठीही अपात्र, हा निष्कर्ष कुणी आणि कधी काढला? मला वाटतं कुणीच काढला नाही. आपल्याकडे 'प्रक्रिया' म्हणजे रस, इतकंच डोक्यात बसलं आहे. रस जमत नाही म्हटल्यावर पुढचा विचार बंद.

दुसरं कारण: साल एका जागी मिळत नाही. हे जास्त वजनदार कारण आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. संत्रं सोलून खायचं असल्यामुळे साल फळाबरोबर दिल्लीला, कोलकात्याला जाते आणि तिथल्या हजारो स्वयंपाकघरांत विखुरते. ती परत कोण गोळा करणार? कुणीच नाही. म्हणून मी त्या सालीबद्दल बोलतच नाही आहे. बागेतच राहतं त्याबद्दल बोलतो आहे. गळ, चुरी, फुटकी फळं, गारपिटीने मार खाल्लेली फळं आणि भाव पडला की तोडणीचाही खर्च निघत नाही म्हणून झाडावर सोडलेली फळं. हा माल कुठेच जात नाही. तो एका जागी, एका गावात, एका आठवड्यात असतो. भट्टीला याहून वेगळं काय हवं?

तिसरं कारण: यातून मिळणार ते किती? थोडंच. आणि इथे मी कुणाला खोटी स्वप्नं विकणार नाही. टनभर गळीच्या फळांतून गावच्या भट्टीवर दोनेक किलो तेल निघालं तरी खूप झालं. त्याने बागायतदार श्रीमंत होत नाही, कर्ज फिटत नाही. पण वेचणाऱ्या बायांची मजुरी त्यातून निघाली, तर जो आज निव्वळ खर्च आहे तो खर्च राहत नाही. बाग स्वच्छ राहते, कीड कमी होते. तेल काढलेला चोथा शेणखतात जातो. (ताज्या साली गोबरगॅसमध्ये टाकल्या तर गॅस बनवणारे जीवाणू लिमोनिनने मरगळतात. तेल काढून घेतलं की ही अडचण बरीच कमी होते.) शेतीत असे चार-दोन रुपयांचे नफे एकावर एक ठेवूनच माणूस तगतो. मोठा नफा देतो म्हणणारे पाहुणे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

त्या पाहुण्यांबद्दलही बोललं पाहिजे. संत्र्यासाठी प्रक्रिया उद्योग हे विदर्भातलं बहुधा सगळ्यात जुनं निवडणूक-आश्वासन असावं. 'नोगा' या नावाने आपण जॅम-स्क्वॅश खात-पीत आलो ते नाव मुळात नागपूरच्या संत्रा बागायतदारांच्या संघटनेचं लघुरूप, हे किती जणांना माहीत आहे? एके काळी बागायतदारांची संघटना असं काही उभं करू शकली होती. पुढे ते सरकारी महामंडळाकडे गेलं आणि बागायतदार परत बागेत गेला. २०१९ पासून बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं. किलोला वीस रुपयांपासून सुरू झालेलं ते २०२३ मध्ये अठ्ठ्याऐंशीवर गेलं. आमचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक हातचं गेलं, बाजारात माल तुंबला, लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. मग शुल्काचा अर्धा भार सरकार उचलेल अशी घोषणा झाली. त्याच वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात संत्रा प्रक्रिया केंद्रांची घोषणा झाली. नावं होती नागपूर, काटोल, कळमेश्वर, मोर्शी, बुलढाणा. कारंजा नव्हतं, आर्वी नव्हतं, आष्टी नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. दिवसाला आठशे टन फळं घेण्याची क्षमता सांगितली गेली, आणि रसाबरोबर सालीचं तेलही काढणार असं सांगितलं गेलं. चांगलंच आहे. निदान सालीत तेल असतं ही गोष्ट व्यासपीठावरून बोलली गेली. पण कारंज्याच्या बागेत पहाटे पडलेला तीन क्विंटल सडा मिहानला कोण नेणार? गाडीभाडं त्या मालाच्या किमतीच्या वर जाईल. आणि गळलेलं फळ दोन दिवसांत बुरशीने हिरवं पडतं. मोठ्या कारखान्याला मोठा, एकसारखा, वेळेवर येणारा माल लागतो. गळ कधीच तशी नसते. ती लहान भट्टीचीच गोष्ट आहे, आणि ती भट्टी फळाकडे गेली पाहिजे.

बरं, गावात भट्ट्या नेणं आपल्या देशाला जमत नाही असंही नाही. केंद्राच्या वैज्ञानिक परिषदेच्या 'अरोमा मिशन'खाली जम्मूच्या डोडा-भद्रवाह भागात लॅव्हेंडरची शेती उभी राहिली आणि तिथे शेताजवळ तेल काढण्याची यंत्रंही आली. त्याच मिशनमध्ये विदर्भाचंही नाव आहे. कशासाठी? गवती चहासारखी पिकं लावण्यासाठी. आता यातली गंमत बघा. गवती चहाच्या तेलात सिट्राल असतं, त्याला लिंबाचा वास येतो. साबणावर लिंबाचं चित्र असतं, तो वास लिंबाचा असेलच असं नाही. तो गवती चहाचा असतो, किंवा चीनमधल्या लिट्सी नावाच्या झाडाच्या मिरीएवढ्या फळांतून काढलेला असतो, किंवा सरळ कारखान्यात बनवलेला. म्हणजे लिंबूवर्गीय वासाला जगभर मागणी आहे, म्हणून ज्या विदर्भात लिंबूवर्गीय फळं मातीत पुरली जातात, त्याच विदर्भात त्या वासाचं गवत लावा म्हणून प्रचार करायचा! गवती चहाशी माझं वैर नाही. कोरडवाहू जमिनीत, रानडुकरांच्या त्रासात ते बरं पीक असेल. पण भट्टी गवतासाठी आणता येते तर शेजारच्या बागेतल्या सड्यासाठी का येत नाही?

जगाचं सांगायचं तर संत्र्याचं तेल हे आजवर रसाच्या धंद्याचं शेपूट होतं. रस निघायचा म्हणून तेल निघायचं, स्वस्त मिळायचं. पण फ्लोरिडाच्या बागा सिट्रस ग्रीनिंग नावाच्या रोगाने बसवल्या. २००५ मध्ये तिथे हा रोग सापडला. त्याआधी २००३-०४ च्या हंगामात चोवीस कोटी पेट्या संत्री काढणारं ते राज्य वीस वर्षांत दोन कोटींच्याही खाली आलं. ब्राझीललाही याच रोगाने आणि दुष्काळाने तडाखे दिले. रस कमी म्हणून तेल कमी, आणि तेलाचे भाव चढले. याचा अर्थ आपण उद्या ब्राझील होणार असा नाही. अर्थ एवढाच, की जे स्वस्त आहे म्हणून आपण बाहेरून आणत होतो ते कायम स्वस्त राहील याची हमी कुणी दिलेली नाही.

आता मगनवाडी. हा विषय काढल्याशिवाय वर्ध्याच्या माणसाला हा लेख संपवता येत नाही.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर त्यासाठी दिलं, मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे सचिव होते जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस वर्ध्याच्या उन्हाळ्यात बसून तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, साबण यांचे हिशेब मांडत होता. झवेरभाई पटेलांनी इथे सुधारलेली घाणी देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. केरोसीनऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' इथलाच. १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालयाचं उद्घाटन स्वतः गांधीजींनी केलं. कुमारप्पांचं म्हणणं थोडक्यात असं, की निसर्गात जे दरवर्षी नव्याने वाहत येतं त्यावर संसार उभा करावा, जमिनीखाली एकदाच साठलेल्या गोष्टींवर नव्हे. 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिलं, ते याच विषयावर.

फरशी पुसायचं फिनाईल दगडी कोळशाच्या डांबरातून आणि खनिज तेलातून येतं. संत्र्याची साल दरवर्षी दोनदा झाडावर येते. कुमारप्पांना याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडलं नसतं!

आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे रासायनिक उद्योगांचा विभाग आहे, जैवप्रक्रिया आणि वनौषधींचा विभाग आहे. तिथल्या प्रयोगशाळेत काय होतं आणि काय होत नाही हा माझा प्रश्न नाही. तिथले लोक माझ्याहून जास्त जाणतात. मी फक्त मामांच्या बांधावर उभं राहून मोजतो. मगनवाडीपासून कारंजा हे एसटीने अर्ध्या दिवसाचंही अंतर नाही. नव्वद वर्षांत ते कापलं गेलं नाही, आणि हा दोष एकट्या संस्थेचा नाही. आपण वर्धेकरांनी मगनवाडीला दर्शनाची जागा केली. पाहुणे आले की दाखवायची, दोन ऑक्टोबरला हार घालायचा. वर्धा घाणीला नमस्कार करायचा आणि घरी येऊन पॅकेटबंद तेलात भजी तळायची. असो.

राहता राहिला एक नाजूक मुद्दा. 'गावातल्या माणसाला ऊर्ध्वपातन जमणार नाही, ते तांत्रिक काम आहे,' असं मला एका अधिकाऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मी हसलो. वर्धा जिल्ह्यात जवळपास पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे आणि तेव्हापासून आजतागायत वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी बातमी येते: अमुक नाल्याकाठी धाड, इतके लिटर मोहाचा सडवा नष्ट, भट्टीचं साहित्य जप्त. पिंप, नळी, थंड पाणी, मंद आंच, वाफ कुठे सुटते ते बघायचं, पहिली धार कोणती, शेवटची कोणती. हे सगळं या जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांना शाळेत न जाता येतं. मी दारूचं कौतुक करत नाही. त्या भट्ट्यांनी किती संसार धुतले हे गावातल्या बायांना विचारा. भट्ट्या फोडायला त्या पोलिसांच्या आधी पोचल्या आहेत. पण कौशल्य नाही असं तरी म्हणू नका. कौशल्य आहे, ते फक्त गुन्हा म्हणून नोंदलेलं आहे. त्या हातांना दुसरं काही गाळायला दिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न दारूबंदीच्या पन्नास वर्षांत विचारायला हवा होता.

मग मला नेमकं काय हवं आहे? टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून सांगतो.

शेतकरी गटांकडे, तीन-चार गावांत मिळून एक, अशा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसणाऱ्या स्टीलच्या भट्ट्या. जळणाला पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, ज्या आपण दरवर्षी धुऱ्यावर पेटवून देतो. गळीचा सडा वेचायला ज्या बाया येतात त्यांच्याच बचत गटाकडे तेलाची मालकी, कारण ज्याने वेचलं त्याचा हक्क आधी. तेल गडद बाटलीत काठोकाठ भरून ठेवायचं शिक्षण. (लिमोनिनला हवा लागली की ते बिघडतं आणि मग त्वचेवर पुरळ उठवतं. 'नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक' हे दुकानातल्या कुपीवाल्यांचं म्हणणं साफ खोटं आहे.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, मामांच्या प्रश्नाचं उत्तर: घेणारा. तो परदेशात शोधायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, पंचायत समित्या, सरकारी दवाखाने, कचेऱ्या, एसटीची स्थानकं यांच्या फरश्या रोज पुसल्या जातात. त्या पुसायचं द्रावण निविदा काढून बाहेरून येतं. जिल्हा परिषदेने फक्त एवढं ठरवावं, की पहिली तीन वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या गटांनी बनवलेलं संत्र्याच्या तेलाचं द्रावण, ते काम नीट करत असेल तर, आधी घेऊ. अनुदान नको, भूमिपूजन नको, कोनशिला तर नकोच नको. पक्कं गिऱ्हाईक द्या.

चुकलं तर चुकू द्या. दोन हंगामांत कळेल की गळीतून किती तेल निघतं, मजुरी सुटते की नाही, वाफेच्या तेलाला बाजार आहे की नाही. नाही सुटली मजुरी, तर मी माझं म्हणणं मागे घेईन आणि मामा पूर्वीसारखे खड्डा खणतील. पण आज आपल्याला तेही माहीत नाही, कारण कुणी करूनच पाहिलेलं नाही.

मामांनी यंदा अर्धी बाग तोडायची असं मनाशी ठरवलं आहे. चौदा वर्षांची झाडं आहेत. त्या जागी काय लावणार विचारलं तर म्हणाले, "सोयाबीन. निदान सालीचा इचार तं नाई करा लागत." मामी शेजारी बसून निवडून ठेवलेली संत्री टोपल्यात भरत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीपर्यंत कुऱ्हाड थांबवा एवढं मी मामांकडून कबूल करून घेतलं आहे. माझ्या हातात तेवढंच होतं. बाकीचं ज्यांच्या हातात आहे त्यांना आंबियाची गळ सुरू व्हायच्या आत एकदा कारंज्याला येऊन पहाटेचा सडा बघायचं निमंत्रण आहे. चहा मी पाजीन.